कार्बीन : हट्टी रेणूंना बोलते करणारा कार्बन

कार्बनला चार बंध असतात, हे आपण शाळेत शिकतो. कार्बीन नावाच्या रेणूंमधल्या एका कार्बनला मात्र दोनच बंध असतात. त्याच्या बाह्य कवचात आठऐवजी सहा इलेक्ट्रॉन उरतात. स्थिर कार्बीनांत त्यांपैकी दोघांची जोडी कोणत्याही बंधात गुंतलेली नसते आणि तिच्या शेजारचे एक ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉन सामावण्याची जागा, रिकामे असते. इलेक्ट्रॉन देणे आणि घेणे या दोन्ही क्षमता अशा एकाच अणूवर येतात, आणि कार्बीनचे सारे रसायनशास्त्र त्यांच्या तोलावर उभे आहे.

असे रेणू क्षणभरच टिकतात, असे दीर्घकाळ मानले जाई. 1988 मध्ये रसायनशास्त्रज्ञ गी बर्त्राँ यांच्या गटाने टिकाऊ कार्बीन बनवले आणि 1991 मध्ये अँथनी आर्डुएंगो यांनी दोन नायट्रोजनांमध्ये बसवलेले स्फटिकरूप कार्बीन मिळवले. हवा आणि ओलावा दूर ठेवल्यास ते सुमारे 240 अंश सेल्सिअसला न विघटता वितळते. शेजारचे नायट्रोजन रिकाम्या ऑर्बिटलकडे इलेक्ट्रॉन सरकवतात, म्हणून ते स्थिर राहते. पण त्याच कारणाने त्याची घेण्याची क्षमता घटते आणि हायड्रोजन वायूपुढे ते निष्प्रभ ठरते.

2005 मध्ये बर्त्राँ यांच्या गटाने त्यांतील एका नायट्रोजनच्या जागी कार्बन बसवला. हा बदल दिसायला लहान असला, तरी नव्या कार्बीनची देण्याची आणि घेण्याची, दोन्ही क्षमता वाढल्या, आणि 2007 मध्ये याच गटाने अशा कार्बीनने हायड्रोजनचा रेणू तोडून दाखवला. हा बंध तोडायला मोलमागे सुमारे 436 किलोजूल ऊर्जा लागते, आणि हे काम तोवर प्रामुख्याने धातूंचे मानले जाई. धातू हायड्रोजनकडून आधी इलेक्ट्रॉन घेतो. कार्बीन मात्र आपली जोडी आधी पुढे करते, त्यामुळे हायड्रोजनचा रेणू ध्रुवित होतो, म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन एका बाजूला सरकतात, आणि अखेर त्याचे दोन्ही अणू एकाच कार्बनला जोडले जातात. अमोनियाच्या बाबतीत हा फरक अधिक मोलाचा ठरतो. अनेक धातू अमोनियाची इलेक्ट्रॉनजोडी स्वीकारून तेथेच थांबतात, तर कार्बीन नायट्रोजन-हायड्रोजन बंध तोडते. मात्र चार बंध पूर्ण झालेला कार्बन हे अणू सहजी परत देत नाही, त्यामुळे उत्प्रेरक म्हणून, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया पुन्हा पुन्हा घडवणारा पदार्थ म्हणून, धातूची जागा घेणे त्याला अवघड जाते. ही मर्यादा मला मूलभूत वाटते.

नायट्रस ऑक्साइडची अभिक्रिया मला सर्वांत विलक्षण वाटते. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता अडवतो, आणि तरीही तो रासायनिकदृष्ट्या कमालीचा सुस्त आहे. अभिक्रिया झालीच, तर तो सहसा ऑक्सिजन देऊन नायट्रोजन वायू म्हणून निघून जातो. के सेव्हरिन यांच्या गटाने मात्र दाखवले, की दोन नायट्रोजनांमधील कार्बीन सामान्य तापमानालाच या रेणूच्या टोकाच्या नायट्रोजनला धरते आणि संपूर्ण रेणू अखंड जोडून घेते. सरळ रेषेतला हा रेणू त्या बंधामुळे वाकतो आणि पुढील अभिक्रियांना तयार होतो. या संयुगांपासून ॲझो रंगद्रव्येही, म्हणजे दुहेरी बंधाने जोडलेले दोन नायट्रोजन असलेले रंग, बनवली गेली आहेत.

पांढऱ्या फॉस्फरसच्या चार अणूंच्या चतुष्फलकात कोन अवघे 60 अंशांचे, म्हणून बंध ताणलेले असतात. कार्बीन तो चतुष्फलक उघडते आणि फॉस्फरसची साखळी दोन्ही टोकांना कार्बीन घेऊन उभी राहते. येथे कार्बीन रेणू फोडते आणि त्याचा तुकडा सांभाळतेही. या सांभाळण्याच्या गुणामुळेच 2008 मध्ये ग्रेगरी रॉबिन्सन यांच्या गटाला दोन सिलिकॉन अणूंची दुहेरी बंधाची जोडी, आणि 2012 मध्ये होल्गर ब्राउनश्वाइग यांच्या गटाला तिहेरी बंधाने जोडलेले दोन बोरॉन अणू, सामान्य तापमानाला हाताळता येतील अशा संयुगांत मिळवता आले.