पेन टेस्टर वाजला नाही म्हणून वायरला हात लावू नका

वायरला न टेकता वाजणारा पेन टेस्टर आमच्याकडे दोनच तक्रारी घेऊन परत येतो. एक, “मेन पाडला तरी वाजतोय.” दुसरी, “चालू वायरवर वाजत नाही.” बहुतेक वेळा पेन ठणठणीत असतो. म्हणून हा कागद बिलासोबत देतोय.

पहिली तक्रार त्यातल्या त्यात बरी. पेन तांब्याला शिवत नाही, एसी सप्लायमुळे वायरभोवती तयार होणारं विद्युतक्षेत्र ओळखतो. त्यामुळे एका पाइपात चार-पाच वायरी असल्या आणि त्यातली एकच चालू असली, तरी शेजारच्या बंद वायरवरही तो वाजू शकतो. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही त्याची लाइन चालूच राहते, ते विसरू नका. जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी बटण फेजऐवजी (करंट येणारी वायर) न्यूट्रलवर (करंट परत नेणारी वायर) टाकलेलं असतं. बटण बंद, बल्ब बंद, पण होल्डरमध्ये फेज हजर! तिथे पेन वाजला तर तो बरोबर आहे, वायरिंग चुकलंय.

दुसरी तक्रार जिवाशी खेळणारी. पेन गप्प, म्हणजे लाइट नाही, असं धरून लोक सरळ वायर सोलायला घेतात. पेन गप्प राहायला कारणं पुष्कळ. सेल उतरलेले असतात. टॉर्च लागते म्हणून टेस्टर चालू समजू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये टॉर्चचं बटण वेगळं असतं. आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल, लोखंडी पाइप, पॅनेलचा पत्रा यांच्या आतलं त्याला कळत नाही. लाकडी शिडीवर, रबरी हातमोजे घालून धरला तरी तो कमी पकडतो. आणि सोलर पॅनेलकडून येणाऱ्या डीसी लाइनवर तर तो वाजतच नाही, मग तिथे कितीही व्होल्ट असोत.

यावर उपाय सोपा आहे. आधी चालू प्लगवर पेन वाजवून बघा (अर्थचं भोक वर असताना फेज उजव्या हाताला असायला हवा, पण उलटं जोडलेलं असेल तर डावीकडेही बघा). मग कामाची वायर तपासा. मग परत त्याच चालू प्लगवर वाजवा. ही तिसरी पायरी हमखास गाळली जाते. मधल्या वेळात पेन आपोआप बंद झाला असेल किंवा सेल संपला असेल, तर ते तिथेच कळतं. मेनच पाडला असेल आणि घरात चालू प्लग उरला नसेल, तर जिन्यातला किंवा शेजारचा प्लग चालेल.

तांब्याला हात लावायच्या आधी मात्र दोन प्रोबचा (दोन टोकं वायरींना टेकवून व्होल्ट बघणारा) टेस्टर हवाच. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही बघा. साधा डिजिटल मल्टिमीटर बंद, मोकळ्या वायरवरही शेजारच्या वायरमुळे ५०-६० व्होल्ट दाखवू शकतो. वायरवर थोडा लोड टाकणाऱ्या दोन प्रोबच्या टेस्टरवर असा खोटा आकडा टिकत नाही. किंमत पेनपेक्षा जास्त, पण रोज बोर्ड उघडणाऱ्याने कॅट-थ्री (CAT III, बोर्ड-वायरिंगच्या कामासाठीचा सुरक्षेचा दर्जा) ६०० व्होल्ट लिहिलेला एक घेऊन ठेवावा. आमच्याकडे दोन प्रकार आहेत, काउंटरवर वापरून बघा.

“पॅकिंग फोडलेलं का देता?” असं बरेच जण विचारतात. पेन आम्ही तुमच्यासमोर सेल घालून, प्लगवर वाजवूनच देतो, त्यासाठी ते फोडावं लागतं. त्यामुळे नंतर “पहिल्यापासूनच बंद होता” ही तक्रार आम्ही धरत नाही. परत आणण्याआधी नवे सेल घालून बघा. तरीही नाही वाजला तर बिल घेऊन या, वॉरंटीत असेल तर वाद न घालता बदलून देऊ.

बटण न्यूट्रलवर सापडलं तर आमचा वायरमन येऊन फेजवर घेऊन देतो. व्हिजिटचे पैसे वेगळे लागतात, पण एकूण किती होतील ते बोर्ड उघडायच्या आधी सांगतो.