संमोहनात माणूस दुसऱ्याच्या ताब्यात जातो का?

‘संमोहनात गेलेला माणूस संमोहनकाराच्या ताब्यात जातो, मनातली गुपिते सांगून टाकतो आणि कोणी उठवले नाही तर तसाच अडकून राहतो’ असा मजकूर कित्येक वर्षे फिरत आहे. रंगमंचावरचे प्रयोग पाहिलेल्यांना तो खरा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तिथे हौसेने पुढे आलेल्यांतून सूचनांना चटकन प्रतिसाद देणारेच निवडले जातात, हे प्रेक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही.

संमोहन म्हणजे झोप नव्हे. ती एकाग्रतेची अवस्था असून तीत आजूबाजूचे आवाज ऐकू येतात, नको असलेली सूचना नाकारता येते, इतकेच काय, खोटेही बोलता येते. संमोहनाने उपचार करणारा उपचारक मध्येच निघून गेला, तरी व्यक्ती स्वतःहून डोळे उघडते किंवा साधी डुलकी काढून उठते.

पडताळा घ्यायचा असल्यास पहिल्याच भेटीत उपचारकाला विचारावे, की मध्येच थांबावेसे वाटले तर मी काय करू? जाणता उपचारक हात वर करण्यासारखी एखादी खूण आधीच ठरवतो, कोणता विषय काढायचा नाही हेही विचारून घेतो. माझ्या मते या व्यवसायातला विश्वास अशा छोट्या करारांवरच उभा असतो. ‘सगळे माझ्यावर सोडा’ असे उत्तर मिळाले, तर दुसरा उपचारक शोधावा.