तिकिटावरचा वेळ वेगळा, हवेतला वेळ वेगळा

मुंबई-दिल्ली अंतर नेटवर टाकलं की साधारण 1140 किमी येतं, ते विमानाचं सगळ्यात जवळचं अंतर, रस्त्याने त्याहून बरंच जास्त भरतं, हे सगळ्यांना माहितीय. घोळ पुढे होतो. लोक 1140 ला विमानाच्या स्पीडने भागतात, एअरबस 320 विमान उंचीवर पोचल्यावर साधारण ताशी 830 किमीने जातं, उत्तर दीड तासाच्याही आत, आणि तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपास दिसलं की 'एवढा वेळ कसा लागतो' सुरू.

अरे बाबांनो, तिकिटावर उडण्याचा वेळ नसतोच. विमान पार्किंगमधून मागे ढकललं की घड्याळ सुरू, आणि तिकडे जाऊन पार्किंगला थांबलं की बंद. मधे टॅक्सी (म्हणजे विमानाचं जमिनीवरून रनवेपर्यंत हळूहळू चालत जाणं) आली, रनवेच्या तोंडाशी लाईन आली (मुंबईत रनवे दोन, पण एकमेकांना छेदणारे, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत), वर चढताना 10,000 फुटांखाली 250 नॉटची मर्यादा, म्हणजे साधारण ताशी 460 किमी, उतरताना पुन्हा तेच, आणि दिल्लीवर गर्दी असली तर घिरट्या. 830 चा स्पीड फक्त मधल्या तुकड्यात.

पटत नसेल तर मुंबई-गोवा बघा, गोव्याचं दाबोळी विमानतळ मुंबईहून सव्वाचारशे किमी, नागपूर 680. अंतर दीडपटीहून जास्त, पण तिकिटावर गोव्याला सव्वा तासाच्या आसपास आणि नागपूरला दीडच्या, कारण ती बाकीची कटकट दोन्हीकडे सारखीच.

शिवाय एअरलाइन्स वेळापत्रकात थोडी सूटही धरून ठेवतात, कारण 15 मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की फ्लाइट 'वेळेवर' गणली जात नाही. त्यामुळे वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोचलं की 'पायलटने काय पळवलं' म्हणणाऱ्यांची मला फार चीड येते. पळवलं-बिळवलं काही नसतं, बहुतेक वेळा ती सूटच कामी आलेली असते.

लांबच्या फ्लाइटला वारा बघायचा. लंडनला जाताना वेळ जास्त, येताना कमी, कारण वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. रस्ताही बदलतो, 2019 मध्ये आणि परत एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडला, नकाशावरचं अंतर मात्र तेवढंच. आणि सुटण्या-पोचण्याच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात, लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार, झालं.

कुणाला आणायला जाताना अॅपवर 'लँडेड' दिसलं म्हणून लगेच गेटसमोर गाडी लावू नका, माणूस अजून सीटबेल्ट लावून टॅक्सीवेवर बसलेला असतो, त्यात बॅग चेक-इन केली असेल तर बोलायलाच नको.