खोली एकच, पण व्हेरिअन्स ‘सी’ की ‘डी’?

न्यू जर्सीत घर घेतलं आणि आई-बाबा वर्षातले सहा महिने इथे राहायला लागले, की खालच्या मजल्यावर एक खोली वाढवायचं ठरतं. प्लॅन टाउनशिपकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे जातो आणि झोनिंग (कुठे काय आणि किती बांधायचं याचे नियम) सांभाळणारा ऑफिसर तो नाकारतो. एवढ्यावर खचू नका, झोनिंग बोर्डाकडे ‘व्हेरिअन्स’, म्हणजे नियमातून सूट, मागता येते. राज्याच्या कायद्यात त्याचे ‘सी’ आणि ‘डी’ असे दोन प्रकार आहेत आणि गोंधळ तिथेच होतो.

‘सी’ हा मापांचा. मागच्या हद्दीपासून ३० फूट सोडायचे आहेत आणि नव्या खोलीनंतर २२च उरतात, तर ८ फुटांची सूट मागायची. इथे बरेच जण बोर्डापुढे आईच्या गुडघ्यांची कहाणी सांगत बसतात. गुडघे खरोखरच दुखत असतील, पण कायद्याला अडचण हवी ती जमिनीची: प्लॉट अरुंद आहे, वेडावाकडा आहे, उतारावर आहे, किंवा आधीपासून रीतसर उभं असलेलं घरच आडवं येतंय. यातलं काही नसेल तर, सूट दिल्याने झोनिंगचाच एखादा हेतू साधतो आणि तोट्यापेक्षा फायदा बराच मोठा आहे, हे पटवावं लागतं. हजर सभासदांचं बहुमत मिळालं की काम झालं.

‘डी’ मुख्यतः वापराचा. आईला आपला वेगळा ओटा हवा म्हणून दुसरं स्वयंपाकघर काढलंत, तर अनेक टाउनशिप एका कुटुंबाचं घर दोन कुटुंबांचं झालं असं धरतात. सात जणांच्या बोर्डात इथे पाच मतं बाजूने पडावीच लागतात. चार विरुद्ध एक असा निकाल लागला तरी अर्ज फेटाळला जातो. त्या संध्याकाळी पाचच सभासद आले असतील तर वकील सरळ पुढची तारीख मागतात, आणि माझ्या मते ते शहाणपणाचंच आहे.

खरा चकवा एफएआरचा. पुण्या-मुंबईत आपण एफएसआय म्हणतो, तोच हा: प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या मानाने सगळे मजले मिळून किती बांधता येईल, याची मर्यादा. प्लॉटचा ठरल्यापेक्षा जास्त भाग बांधकामाने व्यापला तर ‘सी’, पण सगळ्या मजल्यांचं मिळून क्षेत्रफळ एफएआरबाहेर गेलं तर थेट ‘डी’. उंचीचंही तसंच: मर्यादेपेक्षा १० फूट किंवा १० टक्क्यांहून जास्त चढलात की ‘डी’. म्हणून तुमच्या झोनला एफएआर लागू आहे का, हे आर्किटेक्टने पेन्सिल उचलण्याआधी विचारा.

शेजाऱ्यांना कळवणं मात्र दोन्हींत सारखंच. २०० फुटांच्या आतल्या मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी सर्टिफाइड मेलने किंवा हातोहात नोटीस द्यायची, शिवाय जाहीर नोटीसही. मालकांची यादी टाउनशिपकडूनच मागून घ्या, स्वतः दारं मोजू नका. त्या यादीत नसलेला एखादा मालक राहून गेला, तरी तेवढ्यावरून सुनावणी रद्द ठरत नाही.