डीपीचा वांधा आणि टीपीचा वांधा

बडोद्याच्या गुजराती नोटिशीत ‘वांधा-सूचनो’ असा शब्द असतो. म्हणजे हरकती आणि सूचना. आपल्या मराठीत वांधा झाला म्हणजे पंचाईत झाली. माझ्या मामांच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकदमच खरे ठरले.

मामांचा जन्म दांडिया बाजारातला. आजोबांच्या वेळची थोडी जमीन शहराच्या पश्चिमेला, तेव्हा जिथे नुसती शेतं होती तिथे. विकास योजनेचा, म्हणजे डीपीचा, मसुदा जाहीर झाला तेव्हा मामांनी दोन पानी अर्ज केला: जमिनीतली चाळीस टक्के कपात फार होते, ती पंचवीसवर आणावी, आणि उरलेला प्लॉट चौकोनी मिळावा. उत्तर काही आलं नाही. पुढे काही वर्षांनी त्या भागात टीपी, म्हणजे नगररचना योजना, पडली. मालकांच्या सभेला मामा इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि उभं राहून विचारलं, “हा रुंद रस्ता माझ्याच कोपऱ्यातून का? आणि पलीकडच्याला व्यापारी झोन, मला निवासी, असं का?” टेबलामागचा तरुण अधिकारी अगदी नम्रपणे म्हणाला, “काका, ए तो डीपीमां नक्की थई गयुं.”

दोन्ही वेळा प्रश्न रास्त होते, खिडकी चुकली. पहिला अर्ज टीपीचा होता आणि तो डीपीत गेला. दुसरा डीपीचा, तो टीपीच्या सभेत निघाला. असे मामा बडोद्यात घरोघरी आहेत, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतोय.

डीपी म्हणजे विकास योजना, टीपी म्हणजे नगररचना योजना. दोन्ही एकाच कायद्यातून निघतात, गुजरातच्या १९७६ च्या नगररचना व शहरी विकास कायद्यातून. दोन्हींना लोक ‘योजना’ म्हणतात, दोन्हींचे नकाशे लागतात, दोन्हींवर हरकती मागवतात, आणि नावंसुद्धा यमक जुळल्यासारखी. गोंधळ न झाला तरच नवल.

फरक नकाशा समोर ठेवला की लगेच दिसतो. डीपीचा नकाशा रंगीत असतो. निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती असे पट्टे, त्यातून जाणारे मोठे रस्ते, मधेमधे शाळा-बाग-दवाखान्यासाठी राखलेल्या जागा. पूर्ण शहर आणि भोवतालची गावं एका कागदावर. आमच्याकडे हे काम वुडाचं, म्हणजे बडोदा शहरी विकास प्राधिकरणाचं. त्यात तुमच्या शेताचा बांध हलत नाही. सातबारावरचा सर्व्हे नंबर तसाच राहतो, त्याच्यावर फक्त रंग चढतो. टीपीचा नकाशा बहुधा एखाद्या गावाच्या एका तुकड्याचा, शंभरेक हेक्टरच्या आसपास. त्यात वाकडेतिकडे सर्व्हे नंबर पुसून सगळ्या जमिनीची एक चादर करतात, रस्ते-बागा काढून घेतात आणि उरलेली जमीन त्याच मालकांना नव्या आकारात, नव्या नंबरानं परत वाटतात. जुना तो ओपी, म्हणजे मूळ खंड. नवा तो एफपी, म्हणजे अंतिम खंड. डीपी रंग भरते, टीपी रेघा मारते. रंग बदलून हवा असेल तर रेघा मारणाऱ्याकडे जाऊन उपयोग नाही.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना डीपी लगेच कळते, टीपी म्हटलं की चेहरा कोरा. पण सांताक्रूझ-पार्ल्यात रस्त्यावर ‘टीपीएस’ लिहिलेल्या पाट्या त्यांनी पाहिलेल्या असतात. ती हीच टीपी, मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या कायद्यातली. महाराष्ट्रात पुढे तिचा वापर मागे पडला, गुजरातनं मात्र तिला रोजची भाकरी केली.

आता शहर आपले झोन कसे तपासतं आणि बदलतं, ते पाहू. हे सगळं डीपीच्या बाजूचं. कायदा म्हणतो, अंतिम विकास योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांतून किमान एकदा तिचा फेरआढावा घ्यायचा. फेरआढावा म्हणजे नुसती डागडुजी नाही. नवी योजना करताना जी पायरी-पायरीनं चढण असते तीच पुन्हा चढायची. आधी पाहणी: कुठे काय बांधलं गेलंय, लोकसंख्या किती वाढणार, रस्ते कुठे तुंबतात. मग मसुदा. मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाला की लोकांना हरकतींसाठी २ महिने. या २ महिन्यांत जे लिहाल ते डीपीच्या फायलीत जातं. नंतर लिहाल ते पत्रव्यवहारात जातं. हरकती ऐकून मसुद्यात मोठे बदल करावे लागले, तर ते बदल पुन्हा प्रसिद्ध करून पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. ही पायरी लोकांना ठाऊकच नसते. पहिल्या मसुद्यात आपलं शेत हिरवं होतं म्हणून निर्धास्त बसायचं, आणि दुसऱ्या प्रसिद्धीत त्यावरून रस्ता गेलेला असायचा. शेवटी सगळं गांधीनगरला. मंजुरी राज्य सरकारची. बडोद्याची २०३१ पर्यंतची योजना अशी २०१२ मध्ये मंजूर झाली. दहा वर्षं मोजा आणि स्वतःच ठरवा की कायद्यातला ‘किमान एकदा’ किती ताणला जातो.

डीपीत रंग बदलण्याची एक आडवाटही आहे. कलम १९ खाली सरकार मंजूर योजनेत मधेच फेरफार करू शकतं: एखाद्या सर्व्हे नंबराचा झोन, एखादा रस्ता, एखादं आरक्षण. त्यालाही राजपत्रात नोटीस आणि २ महिन्यांच्या हरकती आहेत, पण राजपत्र सकाळी चहाबरोबर वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. शेजारच्या शेतात अचानक व्यापारी झोन आला असेल, तर तो दहा वर्षांच्या फेरआढाव्यातून आलाय की या वाटेनं, हे आधी शोधावं. उगाच टीपीवाल्यांशी भांडू नये.

आणि एक बदल तर नकाशाला हातही न लावता होतो. कुठल्या रंगात काय चालतं, किती रुंद रस्त्यावर किती उंच इमारत, बाजूला किती जागा सोडायची, हे वेगळ्या नियमावलीत लिहिलेलं असतं. पूर्वी प्रत्येक शहराची आपापली नियमावली होती. २०१७ पासून सगळ्या गुजरातसाठी एक सामाईक नियमावली आहे. तिच्यात सुधारणा झाली की तुमचा रंग तोच राहतो, रंगाचा अर्थ बदलतो. झोन बदलला नाही म्हणून खुशीत असलेल्या सोसायटीच्या शेजारी दोन मजले जास्त चढतात ते असे.

टीपीकडे वळतो. तिथे झोन ठरत नाही, हिशेब ठरतो. आधी योजना करण्याचा इरादा जाहीर होतो. त्या दिवसापासून त्या भागात परवानगीशिवाय बांधकाम बंद, आणि पुढे सगळ्या किमती त्याच तारखेच्या धरतात, हे लक्षात ठेवा. मग मालकांची सभा, ९ महिन्यांत मसुदा, हरकतींना फक्त १ महिना. म्हणजे डीपीच्या निम्मा वेळ, आणि इथे तर तुमच्या स्वतःच्या प्लॉटची शकलं होत असतात. सरकारनं मसुदा मंजूर केला की नगररचना अधिकारी नेमला जातो. तो प्रत्येक मालकाला बोलावून ऐकतो, आधी खंडांच्या हद्दी पक्क्या करतो, मग पैशांचा हिशेब. चौकोनी प्लॉट, रस्त्यावरचा प्लॉट, विहीर आपल्याच हद्दीत राहावी, भावाचा एफपी शेजारीच यावा: हे सगळं इथे मागायचं. मामांच्या पहिल्या अर्जातला चौकोनी प्लॉट इथेच मिळाला असता.

कपातीचं मात्र इथेही जपून मागावं. कायद्यातच वाटणी लिहिली आहे: योजनेच्या एकूण जमिनीपैकी १५ टक्क्यांपर्यंत रस्ते, ५ टक्के बागा-मैदानं, ५ टक्के शाळा-दवाखान्यासारख्या सोयी, आणि १५ टक्के जमीन प्राधिकरणानं विकून खर्च भागवायला. बेरीज ४०. लोकांना ४० टक्के म्हणजे रस्त्यासाठी जमीन गेली असं वाटतं, आणि त्यातला १५ टक्क्यांचा विक्रीचा तुकडा कळला की माणूस खरा भडकतो. भडकणं मला पटतं. पण रस्ता, गटार, पाण्याची लाइन कुणाच्या पैशानं होणार, याचं उत्तर त्या तुकड्यात आहे हेही खरं.

टीपीचा सगळा जीव ‘एफ फॉर्म’ नावाच्या तक्त्यात असतो. पंधरा-सोळा रकाने, अक्षर मुंगीएवढं. मामांनी तो मला वाचायला दिला तेव्हा भिंग घेऊन बसलो. आकडे सोपे करून सांगतो. खरे नव्हेत, समजण्यापुरते धरलेले. ओपी १,००० चौरस मीटर, भाव चौरस मीटरला २,००० रुपये, म्हणजे २० लाख. कपातीनंतर एफपी ६०० चौरस मीटर. रस्ते-गटारं झालीच नाहीत असं धरून त्या ६०० ची किंमत १२ लाख. मधले ८ लाख ही मालकाला मिळायची भरपाई. पुढच्या रकान्यात तोच एफपी, पण सगळ्या सोयी झाल्या असं धरून: भाव ६,००० आला तर ३६ लाख. किंमत वाढली २४ लाखांनी, आणि या वाढीचा निम्मा हिस्सा, १२ लाख, मालकानं भरायचा. १२ मधून भरपाईचे ८ वजा केले की खाली मालकाचं ४ लाख देणं निघतं. जमीन गेली, आणि वर ४ लाखांची मागणी!

मामांचं म्हणणं, २,००० हा भाव फार जुना धरलाय. खरंय, इरादा जाहीर झाला त्या दिवसाचा आहे. पण ६,००० सुद्धा त्याच दिवसाचा आहे, हे ते सोयीस्करपणे विसरतात. आजच्या भावानं दोन्ही रकाने भरले, तर देणं कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता जास्त. हे त्यांना सांगितल्यावर चहा येईपर्यंत ते बोलले नाहीत.

दोन्ही योजनांमधला सगळ्यात महाग फरक मात्र आरक्षणात आहे. समजा नकाशावर तुमच्या जमिनीवर ‘शाळा’ लिहिलंय. ते डीपीत असेल तर जमीन अजून तुमचीच आहे. तिथे तुम्ही बंगला बांधू शकत नाही, एवढंच. प्राधिकरणानं ती कधीतरी घ्यायची असते. दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ६ महिन्यांत संपादनाच्या हालचाली झाल्या नाहीत तर आरक्षण गळून पडतं. मग प्रश्न असा की दहाव्या वर्षाच्या तोंडावर फेरआढावा घेऊन पुन्हा ‘शाळा’ लिहिलं तर? घड्याळ शून्यावर जातं का? भावनगर युनिव्हर्सिटी विरुद्ध पालिताणा शुगर मिल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सांगितलं, नाही जात. फेरआढावा म्हणून जुनी मुदत पुन्हा नव्यानं सुरू होत नाही. ज्यांच्या जमिनीवर वर्षानुवर्षं कागदी शाळा बसलेली आहे, त्यांनी हा निकाल वकिलाकडून समजून घ्यावा.

तीच शाळा टीपीत असेल तर ही वाट बंद. तिथे आरक्षण म्हणजे आश्वासन नसतं. रस्ते, बागा, शाळांसाठी लागणारी जमीन योजना मंजूर झाली की प्राधिकरणाच्या मालकीची होते, कारण तिची भरपाई आधीच त्या तक्त्यात, त्या आठ लाखांच्या जागी, धरलेली असते. दहा वर्षं शाळा बांधली नाही म्हणून जमीन परत मागता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीसमोर असा रिकामा प्लॉट आहे. कुंपण नाही, फलक नाही, गणपतीत मंडप आणि एरवी रिक्षा. सोसायटीतले लोक दर वर्षी ‘आरक्षण रद्द करा’ असा अर्ज करतात आणि दर वर्षी तेच उत्तर येतं. ‘शाळा केव्हा बांधता?’ असा अर्ज कुणीच केलेला नाही.

एनएचा, म्हणजे बिगरशेती परवानगीचा, घोळ इथे घालत नाही. तो महसूल खात्याचा तिसराच कागद आहे.

परवा मामांकडे गेलो तर टेबलावर दोन नव्या फायली होत्या. एकीवर लाल पेनानं ‘डीपी’, दुसरीवर निळ्यानं ‘टीपी’. पुढचा मसुदा येईल तेव्हा तयारीत असावं म्हणून व्यापारी झोनची मागणी आताच लिहून ठेवलेली. पानभर छान लिहिलं होतं, मोडी वळणाच्या अक्षरात. मी फायल उचलून पाहिली. निळी होती.