रनिंग बॅककडून अपेक्षा वेगळी, रनिंग गेमकडून वेगळी

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, हंगाम फेब्रुवारीत संपतो आणि पुढचा सप्टेंबरात सुरू होतो. या मधल्या महिन्यांत चाहत्यांच्या बोलण्यात एक विधान हमखास येते: आमच्या रनिंग बॅकने यंदा दीड हजार यार्ड काढले, म्हणजे पुढच्या वर्षी आमचे ऑफेन्स (आक्रमण) कुणाला आवरणार नाही. या विधानात दोन निराळे अंदाज एकमेकांत मिसळलेले असतात. एक विशिष्ट खेळाडू पुढच्या हंगामात कसा धावेल हा पहिला, आणि संघाचा रनिंग गेम, म्हणजे चेंडू घेऊन धावण्याचा एकूण खेळ, कसा चालेल हा दुसरा. नवल याचे वाटते, की पाटा खेळपट्टीवरच्या शतकाची किंमत अचूक ठरवणारे न्यू जर्सीतले आणि डॅलसमधले मराठी चाहतेही येथे मात्र आकड्यांपुढे मान तुकवतात.

रनिंग बॅक म्हणजे काय, हे येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. पास देणाऱ्या आणि खेळी चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू घेऊन तो धावतो, अधूनमधून पास झेलतो, आणि कॅमेरा त्याच्यावरच असतो. रनिंग गेममध्ये क्वार्टरबॅकने स्वतः धावून काढलेले यार्डही धरले जातात आणि राखीव बॅकचेही. हा फरक खरा असला तरी किरकोळ आहे. टचडाउनच्या, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू नेण्याच्या, संख्येवरून तर कोणताच अंदाज बांधू नये, कारण त्या रेषेपासून एक यार्डावरून चेंडू कुणाच्या हाती द्यायचा हा प्रशिक्षकाच्या मर्जीचा भाग असतो.

खरा घोटाळा एकाच ठिकाणी होतो, आणि तो म्हणजे यार्डांचे श्रेय. खेळी जेथून सुरू होते त्या स्क्रिमेजच्या रेषेपासून पहिला बचावपटू अंगाला भिडेपर्यंत बॅकला जे अंतर मिळते, ते बहुतांशी त्याने कमावलेले नसते. ते दोन टॅकल, दोन गार्ड आणि मधला सेंटर या आक्रमणाच्या रेषेतल्या पाच जणांनी, त्यांच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या टाइट एंडने आणि खेळीची आखणी करणाऱ्याने मिळवून दिलेले असते. त्यात बचाव संघाने रेषेजवळ, म्हणजे ज्याला बॉक्स म्हणतात तेथे, किती माणसे उभी केली आहेत हेही मोजावे लागते. क्वार्टरबॅकच्या पासची किंवा त्याच्या स्वतःच्या पायांची धास्ती असेल, तर बॉक्समधली माणसे कमी होतात किंवा निदान क्षणभर थबकतात. भिडंत झाल्यानंतरचे यार्ड, चुकवलेला टॅकल (येथे खाली पाडण्याचा प्रयत्न), फट कोठे उघडणार आहे हे अर्ध्या क्षणाआधी ओळखणे, या गोष्टी मात्र बॅकच्या स्वतःच्या असतात. त्यामुळे मागेच घेरला गेलेला बॅक कसाबसा तीन यार्ड काढतो ती धाव उत्कृष्ट असू शकते, आणि मोकळ्या रस्त्याने काढलेल्या बारा यार्डांत त्याचे कर्तृत्व जेमतेम असू शकते. आकडेवारीच्या तक्त्यात दोन्ही धावा त्याच्याच नावावर लागतात, आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो.

डॅलस काउबॉइजच्या लागोपाठ तीन हंगामांत ही फारकत जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच दिसते. २०१४ मध्ये डेमार्को मरे याने ३९२ कॅरीमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन केलेल्या धावांत, १,८४५ यार्ड काढले, दर कॅरीमागे सरासरी ४.७ ची होती, आणि संघाने १२ सामने जिंकून ४ गमावले. टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि झॅक मार्टिन हे रेषेतले तिघे त्याच्यापुढे ब्लॉकिंग करत, म्हणजे बचावपटूंना अडवून धरत होते. मरे पुढच्या वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला आणि तेथे त्याला १९३ कॅरीमध्ये ७०२ यार्डच मिळाले, सरासरी ३.६ वर आली. त्याच वर्षी काउबॉइजने डॅरेन मॅकफॅडन याला आणले. ओकलंड रेडर्समधल्या आधीच्या तीन हंगामांत त्याची सरासरी एकदाही साडेतीनपर्यंत पोहोचली नव्हती, आणि त्याचे दिवस सरले असे बहुतेकांनी धरले होते. डॅलसच्या त्याच रेषेमागे त्याने १,०८९ यार्ड काढले, तेही ४.६ च्या सरासरीने. बॅक बदलला, पण दर कॅरीमागचा भाव जवळपास तोच राहिला.

याच २०१५ च्या हंगामाचा दुसरा भाग अधिक बोलका आहे आणि तो सोयीस्करपणे विसरला जातो. रनिंग गेम शाबूत असूनही काउबॉइजने ४ सामने जिंकून १२ गमावले, कारण क्वार्टरबॅक टोनी रोमो याला खांद्याजवळच्या हाडाच्या दुखापतीमुळे चारच सामने खेळता आले. रनिंग गेम चांगला असला म्हणजे ऑफेन्स चांगले असते, या समजुतीला याहून ठोस उत्तर शोधण्याची गरज नाही. २०१६ मध्ये संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चौथ्या क्रमांकावर इझिकिएल एलियट याला घेतले, त्याने १,६३१ यार्ड काढून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, आणि १३ विजयांचे श्रेय त्याच्या पदरात घालण्यात आले. त्याच ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत मिळालेला क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट याचे नाव तेव्हाही मागाहून घेतले जात असे, आणि हे मला आजही पटत नाही.

याचा अर्थ बॅक कुणीही चालतो असा काढणारे लोकही आहेत, आणि त्यांचा आग्रह तितकाच कंटाळवाणा आहे. ईगल्सच्या रेषेमागे २०२३ मध्ये डिआंद्रे स्विफ्ट याने १,०४९ यार्ड काढले, सरासरी ४.६ ची. पुढच्या वर्षी रेषेतला सेंटर जेसन केल्सी निवृत्त झालेला असताना सेक्वॉन बार्कली याने २,००५ यार्ड काढले, सरासरी ५.८ ची. न्यूयॉर्क जायंट्सकडून २०२३ मध्ये बार्कलीची सरासरी ३.९ होती, म्हणजे रेषेने त्याला पुष्कळ दिले हे खरेच. पण स्विफ्टला न दिसलेले किंवा न गाठता आलेले अंतर त्याने गाठले हेही तितकेच खरे.

मात्र बॅकने स्वतः घातलेली ही भर बहुतांशी लांब धावांतून येते, आणि लांब धावा पुढच्या वर्षाच्या भाकितासाठी सर्वांत कच्चा आधार आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध बार्कलीने २६ कॅरीमध्ये २५५ यार्ड काढले. त्यांतल्या ७० आणि ७२ यार्डांच्या दोन धावा वगळल्या, तर उरलेल्या २४ कॅरीमध्ये ११३ यार्ड राहतात, म्हणजे सरासरी ४.७. हा उरलेला आकडा चांगल्या रनिंग गेमचा आहे आणि त्याची पुढल्या हंगामात अपेक्षा ठेवता येते. त्या दोन धावांची ठेवता येत नाही. एका हंगामात २,००० यार्ड ओलांडणारे आजवर नऊ जण झाले, आणि पुढच्या वर्षी त्यांपैकी प्रत्येकाचा आकडा घसरला. १९८४ मध्ये २,१०५ यार्डांचा आजही अबाधित असलेला विक्रम करणारा एरिक डिकरसन १९८५ मध्ये १,२३४ वर आला, तर २०१२ मध्ये २,०९७ काढणारा एड्रियन पीटरसन पुढच्या वर्षी १,२६६ वर थांबला. बार्कलीचेही २०२५ मध्ये तेच झाले. ईगल्सच्या आक्रमणाची आखणी करणारा केलन मूर न्यू ऑर्लीन्स सेंट्सचा मुख्य प्रशिक्षक होऊन गेला होता, आणि रेषेतल्या लँडन डिकरसन, कॅम जर्गन्स व लेन जॉन्सन यांना दुखापतींनी सतावले होते. अशा वेळी बॅकचे वय झाले एवढाच निष्कर्ष काढणे हा आळस आहे.

उलट बाजूही ध्यानात घ्यायला हवी. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, बार्कलीने २५ कॅरीमध्ये अवघे ५७ यार्ड काढले आणि ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सना ४०–२२ असे हरवले. त्या चाळिसांत कूपर डिजीनने पास अडवून केलेला टचडाउनही आहे, पण चीफ्सचे बरेचसे बळ बार्कलीला रोखण्यात खर्च झाल्याने जेलन हर्ट्सला पाससाठी जागा मिळाली, आणि सामन्याचा मानकरी तोच ठरला. बॅकचा आकडा लहान असूनही त्याने ऑफेन्सला केलेली मदत मोठी असू शकते, हे तक्त्यात कोठेही दिसत नाही.

आमच्या बॅकने शंभर यार्ड ओलांडले की आम्ही जिंकतो, हे विधान तर ऐकवत नाही. आघाडीवर असलेला संघ चौथ्या क्वार्टरमध्ये घड्याळ चालू ठेवण्यासाठी चेंडू बॅकच्या हाती देत राहतो, आणि शंभरी बऱ्याचदा तेथे भरते. पिछाडीवरच्या संघाला तेवढा वेळच नसतो.

म्हणून ऑगस्टमध्ये अंदाज बांधताना मी आधी रेषेतले पाच जण तेच आहेत का आणि तंदुरुस्त आहेत का हे पाहतो, मग आखणी करणारा प्रशिक्षक कोण आहे ते, मग क्वार्टरबॅक, आणि बॅकचे मागच्या वर्षीचे यार्ड सर्वांत शेवटी. संघाकडे पैसा एकाच जागी घालण्यापुरता असेल, तर तो उजव्या टॅकलवर घालावा असे माझे स्पष्ट मत आहे, आणि खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर खेळल्या जाणाऱ्या फँटसी लीगमध्ये पहिली निवड बॅकवर खर्च करणाऱ्यांना ते आवडणार नाही याची मला कल्पना आहे.