वजनाच्या आधी साखर का उतरते?

सोलापुरात माझी मावशी असते. युनिफॉर्म शिवण्यात तिची तीस वर्षं गेली, पंधरा वर्षांपासून साखर आहे. मध्यंतरी डॉक्टरांनी तिच्यापुढे वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा विषय काढला, तसा तिचा मला फोन आला. "कमी खाल्लं की वजन उतरतं, हे कळतं की रे. पण डॉक्टर म्हणतात साखर वजनाच्याही आधी उतरते. ते कसं काय?"

मावशी सातवी शिकलेली. तिने विचारलेल्या या प्रश्नाचं उत्तर शोधायला सर्जन मंडळींना काही दशकं लागली.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन नावाचे सर्जन होते. त्या काळी अल्सरवर इलाज म्हणून जठराचा मोठा भाग कापून काढत. असे रुग्ण बारीक होत आणि पुन्हा त्यांचं वजन सहसा भरत नसे. बाकीच्यांच्या लेखी हा ऑपरेशनचा तोटा होता. मेसन यांना त्यात लठ्ठपणावरचा उपाय दिसला. १९६६ साली चिकाशी इतो या सहकाऱ्याबरोबर त्यांनी पहिलं गॅस्ट्रिक बायपास केलं. जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी ठेवायची, ती थेट लहान आतड्याला जोडायची आणि उरलेलं जठर अन्नाच्या वाटेतून बाजूला करायचं. त्याआधी आतड्याचाच मोठा पल्ला वगळणारी ऑपरेशनं होत असत. त्यांनी वजन उतरे, पण जुलाब, मूतखडे, कधी यकृत निकामी होणं, असं बरंच काही मागे लागे.

मेसन यांचं मला सर्वांत मोठं वाटतं ते त्यांचं आपल्याच कामाकडे पुन्हा पुन्हा तपासून बघणं. १९८० साली त्यांनी बायपास बाजूला ठेवून जठराच्या वरच्या टोकाला फक्त छोटी पिशवी करून तिच्या तोंडाला पट्टी घालून वाट अरुंद करण्याचं सोपं ऑपरेशन काढलं. आतड्याला हात लागत नाही, म्हणून ते सुरक्षित. पण पुढे अनेकांचं वजन परत आलं, कारण अरुंद वाटेतूनही आईस्क्रीम आणि गोड पेयं सहज उतरतात. नुसती पिशवी लहान करून भागत नव्हतं. अशा रुग्णांची वर्षानुवर्षं नोंद राहावी म्हणून मेसन यांनीच १९८६ मध्ये नोंदवही सुरू केली होती.

दरम्यान, अमेरिकेतल्याच वॉल्टर पोरीज या सर्जनने १९९५ मध्ये आपल्या बायपासच्या रुग्णांचा हिशेब मांडला. मधुमेह असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची साखर नॉर्मलला आली होती, आणि बऱ्याच जणांची तर वजन फारसं उतरायच्या आत.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर लहान आतड्याच्या खालच्या टोकाला आहे. तिथल्या पेशी अन्न पोचलं की जीएलपी-१ नावाचं संप्रेरक (हार्मोन) सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं आणि मेंदूला 'पोट भरलं' असं कळवतं. एरवी जठर अन्न थोडं थोडं पुढे सोडतं, त्यामुळे खालपर्यंत फार कमी पोचतं. बायपासनंतर ते लवकर आणि जास्त पोचतं, म्हणून हा निरोपही मोठ्याने जातो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत खाणंच नावापुरतं असतं, साखर उतरण्यात त्याचाही मोठा वाटा आहे. पट्टी आणि पिशवी यांत आयुष्य घालवलेल्या मेसन यांनी १९९९ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, आतड्याच्या याच टोकावर आणि याच संप्रेरकावर लेख लिहिला. ते शंभर वर्षं जगले. आज गाजणारी वजनाची इंजेक्शनं याच संप्रेरकाची नक्कल करतात.

मावशीचा पुढचा प्रश्न, "मी काही एवढी जाड दिसत नाही की!" खरंय. पण पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन किती ते सांगणारा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र सहकाऱ्याची ९ टक्के, याज्ञिकांची २१. सारख्याच बीएमआयला आपल्या लोकांच्या अंगात अशी न दिसणारी चरबी जास्त असते, म्हणून आपल्याकडे ऑपरेशनचा विचार पाश्चात्त्यांपेक्षा कमी बीएमआयला सुरू होतो. "तोंड आवरत नाही" म्हणून तिला नातेवाइकांनी जे आयुष्यभर ऐकवलं, त्याचा मला आता फार राग येतो.

ऑपरेशन म्हणजे सुटका नव्हे, हे तिला स्पष्ट सांगितलं. बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर घ्यावं लागतं. बायपासनंतर आख्खी शेंगापोळी खाल्ली तर गूळ झपकन आतड्यात उतरून घाम फुटतो, छातीत धडधडतं. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. काहींची साखर काही वर्षांनी परतही येते.

दुसरा पर्याय स्लीव्हचा. त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. भूक जागवणारं घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात बनतं आणि तो भागच जातो, त्यामुळे भूक मंदावते. पण स्लीव्हनंतर छातीतली जळजळ वाढू शकते, तर बायपासने ती बहुधा कमी होते. मावशीला आम्लपित्त जुनंच आहे, रात्री उशी उंच घेऊन झोपते. तिने हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं! आता पुढच्या आठवड्यात तिची एंडोस्कोपी आहे. अन्ननलिकेला सूज किती आहे ते बघून दोन्हींपैकी काय करायचं ते ठरेल.